रात्रीच्या पाळीला कोणती बॅटरी घ्यावी?

आपल्या मराठवाड्यात टॉर्चला बॅटरीच म्हणतात, आणि शेतपंपाच्या लाइटची पाळी रात्रीची आली की पिकाला पाणी देताना दारं धरायला ती लागतेच. बाजारातल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या चार्जिंग बॅटऱ्यांत बहुधा ४ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड असते. ती उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं. मग रात्रभर चार्ज करूनही काही मिनिटांत पिवळी पडते. अशी घेऊच नका.

अ‍ॅल्युमिनियम बॉडीची, १८६५० लिथियम सेलची घ्या. सेल बाहेर निघणारा हवा. १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब अशा सेलवर ९९०० एमएएच (सेलमध्ये चार्ज किती मावतो त्याचं माप) लिहिलं असेल तर ते साफ खोटं. चांगला सेल साधारण २००० ते ३५०० चा असतो.

बांधावरची घोणस दिसायला १५०-२०० ल्युमेन (उजेडाचं माप) पुरतात. हजारावर लावली की बॅटरीचं डोकं तापतं आणि उजेड आपोआप उतरतो.

मागचं झाकण उघडून रबरी रिंग बघा. चिरलेली असेल तर बदला, कोरडी असेल तर सिलिकॉन ग्रीस लावा. पाणी बहुधा तिथून शिरतं. लुकलुकत असेल तर आधी झाकणाचे आटे आणि स्प्रिंग कोरड्या फडक्यानं पुसा, बहुतेकदा दोष तिथंच सापडतो. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत मात्र ठेवू नका.