शंख आणि शिंपला: फरक कुठे पाहायचा?

दोघेही मृदुकायच, पण घडण अगदी वेगळी. शंखवाला, म्हणजे गोगलगाईच्या उदरपाद वर्गातला प्राणी, एका कवचात राहतो. शिंपल्याची कवचं दोन, बिजागरीने जोडलेली. पण नुसत्या कवचावर जाऊ नका, बिनकवचाच्या गोगलगायीही असतात.

खरी खूण डोक्यात. गोगलगाईला डोकं, शिंगं आणि दातेरी किसणीसारखी जीभ असते. पान ती अक्षरशः खरवडून खाते. शिंपल्याला डोकंही नाही आणि ती जीभही नाही. तो पाणी आत ओढतो आणि बहुतेक वेळा कल्ल्यांनीच त्यातले अन्नकण गाळून घेतो. म्हणूनच गोगलगाय जमिनीवर आली, शिंपला पाण्यातच राहिला. स्कॅलप नावाच्या शिंपल्याला मात्र कवचाच्या कडेने डझनावारी डोळे असतात. डोकं नाही, पण डोळे आहेत!

पायही पाहा. गोगलगाईचा सपाट, सरपटणारा. शिंपल्याचा बहुधा पाचरीसारखा, वाळूत घुसणारा.

मेलेला शिंपला उघडा का पडतो? बिजागरीचा लवचिक बंध कवचं सतत उघडू पाहतो, आणि ती मिटून धरायला जिवंत स्नायूच लागतात.