स्प्रिंग रोलमध्ये गाजर की रताळं?

वहिनींनी कपिलतीर्थ मंडईतून दोन्ही आणलंय आणि आता विचारतायत, सारण कशाचं करू?

गाजराचा त्रास पाण्याचा. किसून मीठ लावलं की पाणी सुटतं. ते घट्ट पिळायचं, मोठ्या आचेवर परतायचं आणि पार गार झाल्यावरच भरायचं. नाहीतर शीट ओली होऊन तेलात फुटते. पण चावताना करकरीत लागतं ते गाजरच. रताळं उकडून कुस्करलं की ही कटकट नाही, रोलही भरीव होतो. फक्त गोडवा मारायला आपली कांदा-लसूण चटणी सढळ हातानं घाला. खर्चाचं म्हणाल तर थंडीत दोन्ही स्वस्तच.

पाहुण्यांना कढईतून थेट ताटात वाढणार असाल तर गाजर. पोरांच्या डब्याला, किंवा पहिल्यांदाच करताय तर रताळं.