निकॉन एफएम२ : डाव्या डोळ्यानं बघणाऱ्यांनी घेण्याआधी हे वाचा

आतलं उजेड मोजणारं मीटर बंद पडलं म्हणून माझा एफएम२ कॅमेरा मोठ्या शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिला. त्यानं तो महिनाभर ठेवून घेतला, तपासणीचे सातशे रुपये लावले आणि "मॅडम, सर्किट गेलंय, पार्ट येत नाहीत आता" म्हणून परत केला. नंतर लातुरात गंजगोलाईतल्या घड्याळवाल्या चाचांनी तोच कॅमेरा चहा येईपर्यंत चालू करून दिला. डोक्यात हे ताजं आहे तोवर एफएम२बद्दल लिहून टाकते. गेल्या पावसाळ्यापासून माझ्याकडे हा एकच फिल्म कॅमेरा आहे. ऊन, धूळ, यात्रा, लग्नं सगळं त्यावर काढून झालंय. माहितीपत्रकातल्या गोष्टी तुम्हाला पाठ असतील, त्या परत लिहीत नाही.

आधी लिव्हर. या कॅमेऱ्याबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार तीच आहे, आणि एवढ्या कौतुकाच्या व्हिडिओंमध्ये तिचा कुणी नीट उल्लेख करत नाही. रोल पुढं सरकवायचा लिव्हर थोडा बाहेर ओढल्याशिवाय एफएम२चा फोटो काढायचा खटका दबत नाही. उजव्या डोळ्यानं बघणाऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही, कारण लिव्हर त्याच्या चेहऱ्याच्या बाजूला राहतो. मी डाव्या डोळ्यानं बघते. माझं नाक मागच्या झाकणावर टेकतं आणि उजवा डोळा नेमका लिव्हरच्या टोकासमोर येतो. चष्मा असला की टोक काचेवर घासतं, नसला की भुवईत रुततं. कॅमेरा उभा धरला की सुटका होते. माझ्या सुरुवातीच्या रोलांवर उभेच फोटो जास्त आहेत, त्याचं खरं कारण एवढंच. चष्म्याच्या उजव्या काचेवर बारीक ओरखडा पडला तेव्हा मी हा कॅमेरा विकायला काढला होता. एकानं सल्ला दिला की खाली एमडी-१२ मोटर ड्राइव्ह (रोल आपोआप पुढं सरकवणारी मोटर) लाव, म्हणजे लिव्हरची भानगडच राहत नाही. तिला आठ पेन्सिल सेल लागतात! सेलावर अवलंबून राहायचं नाही म्हणून यांत्रिक कॅमेरा घेतला, आता त्याला आठ सेल कशाला लटकवू? आणि ते वजन गळ्यात घेऊन नळदुर्गचा किल्ला कोण चढणार?

तरीही विकला नाही, आणि त्याला कारण आपल्याकडचं ऊन.

फाल्गुन सरला की लातूर, धाराशिव, बीडकडचं दुपारचं ऊन पांढरंफटक होतं. आयएसओ ४००चा (कमी उजेडातही चालणारा) रोल भरला असेल तर एफ/१६च्या बारीक अपर्चरला, म्हणजे लेन्सच्या तोंडाला, १/५०० सेकंदाचा शटरचा वेग लागतो, हे मीटर न बघताही सांगता येतं. १/१०००वर थांबणाऱ्या कॅमेऱ्यात त्या उन्हात एफ/११च्या पलीकडं अपर्चर उघडताच येत नाही. मग समोरचा माणूस, मागची दुकानाची पाटी, विजेचा खांब, सगळं सारखंच ठळक येतं. एफएम२ला १/४००० आहे, त्यामुळं एफ/५.६ पर्यंत येता येतं. माणूस पाटीपासून सुटा होतो. माझ्या दृष्टीनं खरा फायदा पैशाचा आहे. दुपारी बाजारात भरलेला ४००चा रोल दिवेलागणीला देवळात तसाच चालतो. उन्हासाठी १००चा वेगळा आणि संध्याकाळसाठी ४००चा वेगळा, असे दोन रोल फोडावे लागत नाहीत.

१९८२ साली निकॉननं हा वेग पूर्णपणे यांत्रिक शटरमध्ये दिला, सेलाची काडीची मदत न घेता. पाती हलकी राहावीत म्हणून ती सुरुवातीला टायटॅनियमची केली आणि त्यांवर षटकोनी नक्षी उठवली. पुढच्या काळात ॲल्युमिनियमची पाती आली. घेताना मागचा अनुक्रमांक बघा. त्याच्या आधी 'एन' अक्षर असेल तर तो १९८४ नंतरचा, फ्लॅश १/२५० पर्यंतच्या वेगाशी जुळणारा. आधीच्यात १/२०० आहे. भर दुपारी मांडवाच्या तोंडाशी नवरीच्या चेहऱ्यावर थोडा फ्लॅश मारायचा असेल तर हा फरक उपयोगी पडतो, एरवी फारसा नाही.

मीटर बंद पडलं ते माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत. घोड्यांच्या बाजारात एक जण शिंगरू पळवून दाखवत होता, मी डोळा लावला तर आतले लाल दिवे पेटेनात. अधिक (उजेड जास्त) नाही, गोल (बरोबर) नाही, उणे (कमी) नाही. खटका दाबला, शटर नेहमीसारखं वाजलं. दुसऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांत इथंच दिवस संपला असता. कॅनन एई-१ सेल संपला की शटरच उघडत नाही. मी मग डोक्यातल्या हिशेबानं सगळी यात्रा काढली: उन्हात एफ/१६ला १/५००, त्यावरून खाली-वर, पालाच्या सावलीत तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) उघडून एफ/५.६, शंका आली तिथं एक स्टॉप जास्त, कारण कलर निगेटिव्ह जास्तीचा उजेड पचवते, कमी पडलेला पचवत नाही. रोल धुऊन आल्यावर मीटर चालू असतानाचे फोटो कुठले आणि नंतरचे कुठले, ते माझं मलाच ओळखता येईना. वाघ्या-मुरळीच्या मेळ्यात भंडारा उधळला गेला तेव्हा शटरच्या चकतीच्या कडेला ज्या बारीक खाचा आहेत त्यांत हळद जाऊन बसली. मऊ ब्रशनं बरीच निघाली, पण '१२५'च्या आकड्याखाली पिवळी रेघ अजून आहे. लिव्हरच्या सांध्यात गेली ती दोन दिवस करकरली, मग थांबली.

मीटर मेलेलं, तरी खटका दाबायला लिव्हर बाहेर ओढावा लागतोच. म्हणजे दिवे नाहीत, नुसतं भुवईत टोचणं. त्या दिवशी मला याचा फार राग आला.

आणि तिथूनच परत येताना माझं मत निम्मं बदललं. एसटीला ही गर्दी, पिशवी मांडीवर, पिशवीवर दुसऱ्याची पिशवी. माझ्याबरोबरच्या मैत्रिणीकडं पेन्टॅक्स के१००० आहे. त्याच्या खटक्याला कुलूपच नाही. अहमदपूर येईपर्यंत तिच्या पिशवीत एक फ्रेम आपोआप उडाली, सगळी काळी. माझ्या एफएम२चा लिव्हर आत दाबलेला होता, त्यामुळं खटका बंद. आजच्या भावानं रोल, धुलाई, स्कॅन आणि कुरिअर मिळून कलरचा एक फोटो पन्नास रुपयांच्या घरात जातो. पिशवीत उडालेली फ्रेम म्हणजे पन्नास रुपये खिडकीतून फेकणं. लिव्हर हेच कुलूप, आणि ते कुलूप मला हवंय, हे मला त्या बसमध्ये पटलं. तक्रार आता एवढीच उरली की कुलूप डोळ्यात जाणाऱ्या भागावर का ठेवलं. खटक्याजवळ बोटानं फिरवायचा छोटा स्विच चालला असता. १९८०च्या एफ३ मध्ये निकॉननं तो दिलाही होता. पण एफ३ सेल संपला की १/६०च्या एकाच गतीवर येतो, म्हणून तो माझ्या कामाचा नाही.

आता दुरुस्तीचं. ज्यानं महिनाभर कॅमेरा ठेवला त्याचं नाव लिहीत नाही, पण त्याचं काम सांगते. एफएम२चे दोन बटन सेल तळाच्या झाकणात बसतात आणि ते झाकण नाण्यानं उघडायचं असतं. त्यानं स्क्रू ड्रायव्हर घालून त्याची खाच ओरबाडून ठेवली. म्हणजे झाकण त्यानं उघडलं होतं! आतलं त्याला दिसलं नसेल असं होऊच शकत नाही. चाचांनी तेच झाकण सोडवलं, भिंग डोळ्याला लावलं आणि झाकण माझ्यापुढं धरलं. आट्यांमध्ये बुरशीसारखा हिरवट-पांढरा थर. "सेल फुटलाय बेटा, बाकी काही नाही." दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळला, तो पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवला आणि एकेक आटा पुसत आले. मग आतला पितळी ठिपका खोडरबरानं घासला. पितळ चमकलं, नवे सेल घातले, लिव्हर ओढून खटका अर्धा दाबला आणि आत लाल गोल पेटला. सेलसकट साठ रुपये. मी शंभर देऊ लागले तर चाळीस परत केले. सर्किट गेलेलं नव्हतं. एका माणसानं खोटं सांगितलं किंवा बघितलंच नाही. दोन्हीतलं काहीही असो, सातशे रुपये त्यानं कशाचे घेतले?

तुम्हीही हे करून बघा. जुन्या कॅमेऱ्याचं मीटर गप्प झालं की आधी झाकणाचे आटे तपासा. स्वस्तातले एलआर४४ सेल पाझरतात. मी आता एसआर४४ घालते, ते महाग पडतात पण व्होल्टेज शेवटपर्यंत स्थिर देतात, आणि महिनाभर फोटो काढायचे नसतील तर काढून ठेवते. मागच्या झाकणाचा उजेड अडवणारा काळा फोम चाळीस वर्षांत डांबरासारखा चिकट झालेला असतो, तो शिवणसामानाच्या दुकानातली काळी मखमली पट्टी लावून बदलता येतो. त्यासाठी कुणाला हजार रुपये देऊ नका.

दिव्यांच्या मीटरबद्दल एक राहिलं. भर उन्हात लाल दिवे नीट दिसत नाहीत, तिथं के१०००च्या मीटरची सुई जास्त बरी. पण खरोशाच्या लेण्यांत उलट झालं. आतल्या अंधारात मैत्रिणीला सुई दिसेना आणि माझे दिवे स्पष्ट दिसत होते. के१०००च्या मीटरला बंद करायचं बटणही नाही, लेन्सला टोपी लावणं हाच त्याचा स्विच. एफएम२ या बाबतीत उजवा.

खर्च कमी करायचा तर ब्लॅक ॲण्ड व्हाइट घरी धुवा. लोक म्हणतात लातुरात आणि रोल धुणं? २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं हे गाव. मलाही वाहत्या नळाखाली अर्धा तास निगेटिव्ह धरणं जिवावर येतं, आणि नळाला पाणी येतं तरी कुठं रोज. पण इल्फर्डची धुण्याची पद्धत वापरली तर नळ लागतच नाही. फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) ओतून दिल्यावर रोल धुण्याच्या छोट्या टाकीत पाणी भरायचं, पाच वेळा उलटी-सुलटी करायची, ओतायचं. परत भरून दहा वेळा, परत भरून वीस वेळा. तीनशे मिलीची टाकी, म्हणजे लिटरभर पाण्यात काम होतं. फक्त हार्डनर (फिल्मचा थर कडक करणारं रसायन) नसलेलाच फिक्सर घ्या. उन्हाळ्यात अडचण वेगळीच: डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण) २० अंशांवर हवा आणि घराच्या टाकीतलं पाणी तिशीच्या वर. मी बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बादलीत सोडते आणि बाटली त्यात ठेवते. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, तो पातळ होतो. असा घरी धुतलेला फोटो रोलसकट कलरच्या निम्म्या किमतीत पडतो.

आदर्श फिल्म कॅमेरा कोणता, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आता ठरलंय. शरीर एफएम२चंच. सेलाशिवाय सगळ्या गती चालणारं शटर, वर १/४०००. खटक्याला कुलूप असलंच पाहिजे, पण लिव्हरपासून वेगळं. आत दिवे आणि सुई दोन्ही. सेलाचं झाकण पितळी आणि जाड. निकॉनच्याच पुढच्या एफएम३ए मध्ये यातलं बरंच होतं, शटर सेलावरही चाले आणि सेलाशिवायही, पण तो २००६ला थांबला, आज त्याची किंमत ऐकवत नाही, आणि लिव्हरचा त्रास तिथंही तसाच. २०२४ला पेन्टॅक्सनं नवा १७ काढला, एका रोलात दुप्पट फोटो देणारा. माझ्यासारख्या हिशेबी माणसाला दुप्पट फोटो फार आवडतात, पण तो सेलाशिवाय चालत नाही. माळेगावला मी त्याच्यासोबत काय केलं असतं?

उजव्या डोळ्यानं बघत असाल तर एफएम२ डोळे झाकून घ्या. डाव्या डोळ्यानं बघत असाल तर ऑनलाइन मागवू नका. विकणाऱ्याच्या दुकानात जा, लिव्हर बाहेर ओढा, चष्मा घालून कॅमेरा आडवा धरून दहा मिनिटं बघत राहा. तेवढ्यात भुवई दुखली नाही तर पैसे द्या. मी लिव्हरच्या टोकाला सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचा तुकडा चढवलाय. काच घासणं थांबलं, टोचणं कमी झालं, पण गेलं नाही.

लातूर, नांदेड, धाराशिवकडं कुणाकडे एफएम (एफएम२च्या आधीचा) किंवा एफएम२ कायमचा बंद होऊन पडला असेल आणि त्याचं सेलाचं झाकण शाबूत असेल तर कळवा. माझ्या झाकणाची खाच आता नाणं धरत नाही. योग्य ते पैसे देईन, न्यायला मी स्वतः येईन.