घरून क्लब की निवासी अकादमी? मुलीच्या फुटबॉलचा निर्णय घेताना

मुलगी चांगली खेळते, तिला खेळायचंच आहे, आणि समोर दोन वाटा आहेत. एक, घरी राहून महिला क्लबच्या वयोगटाच्या संघात जाणं. दुसरी, निवासी अकादमी. बहुतेक पालक तुलना मैदानापासून सुरू करतात: गवत कसं आहे, प्रशिक्षकाकडे कोणतं लायसन्स आहे, जिम आहे का. ते पाहायलाच हवं. पण मैदानावरचा सराव दोन्हीकडे साधारण दोन तासांचाच असतो. फरक पडतो तो उरलेल्या 22 तासांत, आणि निर्णय त्या 22 तासांवरच घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

ब्राझीलची मार्ता 14 वर्षांची असताना आपलं छोटं गाव सोडून तीन दिवस बसने प्रवास करत रिओला गेली, वास्को द गामा क्लबमध्ये चाचणी द्यायला. गावात ती मुलांमध्येच खेळत होती, पुढे जायला वाव नव्हता. नंतर ती सहा वेळा फिफाची वर्षातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. स्पेनची ऐताना बोनमाती आधी घराजवळच्या क्लबांत मुलांबरोबर खेळली आणि मग बार्सिलोनाच्या मुलींच्या संघात गेली. त्या क्लबचं ‘ला मासिया’ हे वसतिगृह 1979 पासून चालू होतं, पण मुलींना तिथे राहायला जागा मिळाली ती थेट 2021 मध्ये. त्या वसतिगृहाशिवाय घडलेल्या ऐतानाने 2023, 2024 आणि 2025 असा सलग तीन वेळा बालोन द’ऑर हा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार जिंकला. मार्ताला घर सोडावं लागलं, कारण जवळ काहीच नव्हतं. म्हणून पहिला प्रश्न हाच: रोज ये-जा करता येईल एवढ्या अंतरावर मुलींचा खरा संघ आहे का?

‘खरा’ म्हणजे नियमित सामने खेळणारा. इथे क्लबची बाजू बरेचदा वरचढ ठरते. क्लबचा संघ लीगमध्ये असतो, हंगामभर सामने असतात, आणि वरच्या गटातून थेट महिलांच्या मुख्य संघात जायचा रस्ता दिसतो. काही अकादम्यांत सराव भरपूर, पण सामने आपापसांतच. त्याच वीस मुलींविरुद्ध वर्षभर खेळून दबावाखाली पास देणं कसं शिकणार? अकादमीला विचारा, गेल्या हंगामात या वयोगटाने बाहेरच्या संघांशी किती सामने खेळले. आकडा सांगताना अडखळले तर काय ते समजा.

वेळेच्या हिशोबात मात्र अकादमी पुढे आहे. वाढत्या वयात आठ ते दहा तास झोप लागते. शाळा, सराव आणि रोजचा लांबचा प्रवास यांत पहिला बळी झोपेचाच जातो. येण्या-जाण्यात तीन तास जात असतील, तर घरी राहण्याचा फायदा फारसा उरत नाही. पण अकादमी हा वाचलेला वेळ पुन्हा सरावातच घालते का, तेही बघा. आठवड्याचे सरावाचे तास मुलीच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, हा क्रीडावैद्यकातला साधा ढोबळ नियम आहे. तेरा वर्षांच्या मुलीला वीस तास पळवणारं वेळापत्रक भिंतीवर अभिमानाने लावलेलं असेल, तर तिथून निघा.

दुखापतींबाबत दोन्हीकडे एकच कसोटी लावा. गुडघ्याला आतून स्थिर ठेवणारा एसीएल हा अस्थिबंध (लिगामेंट) फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा दुपटीहून अधिक असतो. नॉर्वेमध्ये 13 ते 17 वयाच्या 1,892 मुलींवर झालेला अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ‘फिफा 11+’ नावाने ओळखला गेलेला, वीसेक मिनिटांचा वॉर्मअप करणाऱ्या मुलींना त्यात एकूण दुखापती जवळपास एक तृतीयांशाने कमी झाल्या. त्याला खर्च नाही, यंत्रं लागत नाहीत. सराव सुरू होण्याआधी जाऊन उभे राहा. दोन फेऱ्या पळवून थेट खेळ सुरू होत असेल, तर चकचकीत जिम असून उपयोग नाही. पाळीचंही विचारा. तीन महिने पाळी आली नाही तर ते पुरेसं खाणं होत नसल्याचं लक्षण असू शकतं. घरी हे आईच्या लक्षात येतं. वसतिगृहात कोणाच्या लक्षात येणार, आणि मुलगी ते कोणाला सांगू शकेल?

इथेच मी सर्वांत जास्त थांबते. अमेरिकेत ऑक्टोबर 2022 मध्ये महिलांच्या व्यावसायिक लीगबद्दल चौकशी अहवाल आला. खेळाडूंच्या छळाची मुळं लहान वयाच्या फुटबॉलपर्यंत जातात, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. जो माणूस संघ निवडतो त्याच्याच हातात खोलीच्या किल्ल्या, फोन आणि घरी जायची परवानगी असेल, तर मुलगी तक्रार कोणाकडे करणार? वॉर्डन स्त्री हवी आणि ती प्रशिक्षकाच्या हाताखालची नको. प्रशिक्षकाने मुलीला एकटीने खोलीत बोलावू नये, हा नियम लेखी हवा. फोनवर घरच्यांशी एकांतात बोलता यायला हवं. हे प्रश्न विचारल्यावर चिडणारी अकादमी कितीही नावाजलेली असो, मी माझी मुलगी तिथे ठेवणार नाही. क्लबमध्येही धोका असतो, पण मुलगी रोज संध्याकाळी तुमच्यासमोर जेवायला बसते. चेहरा पडलेला दिसतो.

पैशाचं थोडक्यात. मुलांच्या फुटबॉलमध्ये खेळाडू दुसऱ्या क्लबकडे गेला की त्याला घडवणाऱ्या क्लबला पैसे मिळतात; फिफाच्या नियमांनुसार ही प्रशिक्षण-भरपाई महिला फुटबॉलला लागू नाही. म्हणजे अकादमी चालते ती फी, प्रायोजक किंवा मोठ्या क्लबच्या पैशावर. प्रायोजक गेला तर मधल्या वर्षात मुलींचं काय, हे आधीच विचारा. करार पुढे आला तर लक्षात ठेवा: 18 वर्षांखालील खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करता येत नाही.

तर माझा कल असा. साधारण पंधरा वर्षांपर्यंत, जवळ बरा क्लब असेल तर घर. प्रशिक्षक थोडा कमी नावाचा असला तरी चालेल. मुलींचा संघच नसेल किंवा प्रवास झोप खात असेल, तर अकादमी, पण मुलीने स्वतः मागितली तरच. वडिलांचं अपुरं राहिलेलं स्वप्न तिच्या बॅगेत भरू नका. आधी आठवडाभर तिथे राहून पाहायची मुभा मागा. आणि जाताना शाळेत आणि जुन्या क्लबमध्ये बोलून ठेवा, म्हणजे वर्षाच्या मध्यात तिला परत यावंसं वाटलं तर दोन्हीकडे तिची जागा असेल. तशी जागा आहे, हे तिलाही निघण्याआधी सांगा.