सुफ्यान स्टीव्हन्स, आठ महिन्यांनंतर (आणि स्पीकरमधली ती घरघर)

आधी कामाचं सांगते. अमेरिकन गायक सुफ्यान स्टीव्हन्सच्या 'कॅरी अँड लोवेल' अल्बममधलं 'नो शेड इन द शॅडो ऑफ द क्रॉस' लावल्यावर मागे बारीक घरघर ऐकू येत असेल, तर अॅम्प्लिफायर उघडू नका, वायरमनला बोलावू नका, केबल बदलू नका. घरघर गाण्यातच आहे. हे कळेपर्यंत माझे चार हजार तीनशे पन्नास रुपये गेले होते.

मागच्या जूनमध्ये मामेभावाने मला ह्या माणसाचे सगळे अल्बम क्रमाने ऐकायला लावले. 'मिशिगन'पासून सुरुवात कर, मधलं काही गाळायचं नाही, आणि शेवटी सर्वांत चांगला कोणता आणि सर्वांत वाईट कोणता ते सांग, अशी अट होती. तो पक्का 'इलिनॉय'वाला. माझी धाकटी बहीण 'कॅरी अँड लोवेल'वाली. गेली तीन-चार वर्षं ह्या एका विषयावरून दोघांची जुंपते आणि निकाल लावायला तिसरा माणूस हवा होता. मी बाबांच्या जुन्या अॅम्प्लिफायरवर ऐकते. फोनवर ऐकून मत देणं मला पटत नाही.

पहिल्या महिन्यातलं माझं मत तेव्हा वहीत लिहिलं होतं, तेच देते: पहिला 'इलिनॉय', शेवटचा 'द एज ऑफ ऑड्झ'. 'इलिनॉय'बद्दल वेगळं काय सांगणार? २००५ सालचा अल्बम, २२ तुकडे, सव्वा तासाच्या आसपास. बँजो, ट्रम्पेट, ओबो, मुलींचा कोरस, आणि त्या सगळ्याच्या मधून कुजबुजल्यासारखा आवाज. एका राज्याचा सगळा संसार त्यात आहे: लिंकन, सुपरमॅन, बंद पडलेली गावं, तेहतीस मुलांचा जीव घेणारा जॉन वेन गेसी. गेसीच्या गाण्याच्या शेवटी तो स्वतःकडे वळतो आणि म्हणतो की माझ्याही घराच्या फळ्यांखाली मी काय लपवलंय ते बघा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ताटावरून उठून गाणं थांबवलं होतं. 'कॅसिमीर पुलास्की डे' तर त्याहून साधं. हाडांच्या कॅन्सरने गेलेली मैत्रीण, मार्चमधली सुट्टी, बँजो. बस.

मला मात्र जास्त भावली ती त्यामागची काटकसर. एवढा मोठा पसारा त्याने बहुतेक एकट्यानेच साध्या, स्वस्त यंत्रांवर मुद्रित केला. सीडीसाठी आवाजाचे नमुने सेकंदाला ४४,१०० वेळा घेतात (४४.१ किलोहर्ट्झ), ह्याने ३२ हजारांवर काम भागवलं. ऑर्केस्ट्रा वाटतो त्यातली बरीचशी वाद्यं त्याने स्वतःच एकेक वाजवून थर रचलेत, तंतुवाद्यं, ट्रम्पेट, ड्रम आणि कोरस तेवढे मित्रमंडळींचे. पैसे नव्हते म्हणून काम अडलं, असं सांगणाऱ्या प्रत्येकाला मी हा अल्बम ऐकवते.

राग आला तो पन्नास राज्यांच्या घोषणेचा. 'मिशिगन' २००३ला आला तेव्हा ह्याने जाहीर केलं की अमेरिकेच्या पन्नासही राज्यांवर एकेक अल्बम करणार. झाले दोन. पुढे त्यानेच कबूल केलं की ती जाहिरातीची क्लृप्ती होती. मामेभाऊ म्हणतो, 'ताई, गंमत होती ती.' मला नाही पटत. लोक वाट बघत होते. ओरेगॉनवाले, टेक्सासवाले आपल्या राज्याचा नंबर कधी लागतो म्हणून बसले होते. शब्द दिला की पाळावा, नाहीतर देऊ नये. ह्याचा एक गुण मी आजही कापते.

आता घरघरीकडे येते.

सप्टेंबरमध्ये 'कॅरी अँड लोवेल'पर्यंत पोचले. रात्री जेवणं झाली की दिवे मालवून ऐकायचे. 'नो शेड' लागलं आणि स्पीकरमधून हम यायला लागला. पावसाळ्याचे दिवस, भिंतीला ओल, म्हणून पहिला संशय अर्थिंगचा. वायरमनने नवीन अर्थिंग ओढून दिलं, अकराशे. हम तसाच. केबल बदलली, साडेसहाशे. तसाच. मग अॅम्प्लिफायर एका सर्व्हिस सेंटरला दिला. सतरा दिवस त्यांनी ठेवून घेतला. कंडेन्सर गेलेत, बदललेत, असं सांगून दोन हजार सहाशेचं बिल हातात ठेवलं. घरी आणून तेच गाणं लावलं, तीच घरघर. परत गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, 'मॅडम, आता तुमच्या घरच्या लाइटचाच प्रॉब्लेम असणार.' मी जुने कंडेन्सर दाखवा म्हटलं. टाकून दिले म्हणाले. बदललेला भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा असतो, हे मला माहीत आहे. तिथे मी अर्धा तास उभी राहून भांडले आणि एक रुपयाही परत मिळाला नाही.

शेवटी तपकीर गल्लीतल्या एका वयस्कर मेकॅनिककडे गेले. त्यांनी पेटीला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, 'गाणं लावा.' लावलं. ऐकलं. मग म्हणाले, 'आता दुसरं काहीतरी लावा, कमी वाद्यांचं.' मी कुमार गंधर्वांचं एक भजन लावलं. घरघर नाही. पुन्हा सुफ्यान. घरघर आहे. मग त्यांनी माझ्या फोनला स्वतःचा हेडफोन लावला, डोळे मिटले, आणि अख्खं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढून म्हणाले, 'बाई, ह्या पोराच्या खोलीत एसी चालू आहे.' पैसे घेतले नाहीत.

अगदी तसंच होतं. अल्बमचा काही भाग त्याने ओरेगॉनमधल्या क्लामथ फॉल्स गावी हॉटेलच्या खोलीत आयफोनवर मुद्रित केलाय, आणि ती घरघर खोलीतल्या एसीची आहे. त्याने ती काढली नाही. आईच्या मरणावरचं गाणं हॉटेलच्या खोलीत बसून गाणारा माणूस, आणि मागे एसी.

आईची हकीकत बहिणीने मला आधी सांगितली होती, पण तेव्हा ती नुसती माहिती होती. आई कॅरी, तो वर्षाचा असतानाच घर सोडून गेलेली. स्किझोफ्रेनिया, नैराश्य, दारू. मग पाच ते आठ वर्षांच्या वयात ओरेगॉनमधल्या युजीनला तिच्याकडे घालवलेल्या काही उन्हाळ्याच्या सुट्ट्या, आणि तिचा तेव्हाचा नवरा लोवेल, ज्याने ह्या सावत्र मुलाला गाण्याची गोडी लावली आणि पुढे त्याच्याबरोबर अस्थमॅटिक किटी ही रेकॉर्ड कंपनी चालवली. लग्न पाच वर्षंच टिकलं, पण लोवेल टिकला. २०१२च्या डिसेंबरमध्ये कॅरी पोटाच्या कॅन्सरने गेली. अल्बम २०१५ला आला. ११ गाणी, पाऊण तासाच्या आत. ड्रम जवळजवळ नाहीत. 'फोर्थ ऑफ जुलै'मध्ये मेलेली आई आणि मुलगा लाडाच्या नावांनी एकमेकांशी बोलतात, आणि शेवटी मरणाचं एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. आधी मी हे गाणं अतिगोड म्हणून बाजूला काढलं होतं. एसीचं कळल्यावर परत ऐकलं आणि रात्री झोप आली नाही.

मामेभाऊ म्हणाला, एसीची घरघर म्हणजे त्याचा तानपुराच. मला ही तुलना मान्य नाही. तानपुरा लावावा लागतो, जवारी काढावी लागते, गायक त्याच्यापुढे नम्र होऊन बसतो. ही घरघर कुणी लावलेली नाही. ती फक्त बंद केलेली नाही. बहिणीने पाच वर्षं गाणं शिकलंय, ती ह्या बाबतीत माझ्या बाजूने आहे.

तिथपासून मी सगळे अल्बम पुन्हा ऐकले आणि खोली ऐकू येते का तेवढंच बघत गेले. 'सेव्हन स्वान्स'मध्ये येते. 'मिशिगन'मध्ये येते. २०२०च्या 'द असेन्शन'मध्ये एक क्षणही येत नाही. ऐंशी मिनिटं, १५ गाणी, सगळी सिंथेसायझरवर, काचेच्या पेटीत ठेवल्यासारखी. शेवटचं 'अमेरिका' एकटंच बारा मिनिटांचं. देशाबद्दलचा राग खरा आहे हे शब्दांवरून कळतं, पण तो कुठे उभा राहून रागावलाय तेच कळत नाही. चार वेळा प्रामाणिकपणे ऐकला, दोनदा रात्री, दोनदा स्वयंपाक करताना. जमला नाही. माझ्या यादीत सर्वांत खाली हाच.

म्हणजे 'द एज ऑफ ऑड्झ' खालून वर आला, आणि त्याबद्दल मी बहिणीची आणि भावाची दोघांचीही माफी मागितली. २०१०चा हा अल्बम रॉयल रॉबर्टसन नावाच्या लुइझियानातल्या पाट्या रंगवणाऱ्या चित्रकारावरून सुचला. रॉबर्टसनला मानसिक आजार होता आणि तो स्वतःला प्रेषित समजायचा. सुफ्यान त्या सुमारास स्वतःही बराच आजारी होता. सगळीकडे कर्कश इलेक्ट्रॉनिक आवाज, कोरस, पितळी वाद्यं एकमेकांवर आदळतात. शेवटचं 'इम्पॉसिबल सोल' पंचवीस मिनिटांचं, आणि मधे आवाज ऑटोट्यूनमधून, म्हणजे सूर यंत्राने बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढलेला. जूनमध्ये त्या ऑटोट्यूनपाशीच मी ते बंद केलं होतं.

नोव्हेंबरमध्ये मामा गेले. तेराव्यानंतर नागपूरहून रात्रीच्या गाडीने परत येताना झोप नव्हती, म्हणून ते पंचवीस मिनिटांचं गाणं पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. सगळा गोंगाट, सगळं सामूहिक नाचगाणं संपतं, आणि अगदी शेवटी उरतात गिटार आणि तोच जुना आवाज. एवढं सगळं त्या एका जागेवर येण्यासाठी होतं. बडनेरा गेलं तेव्हा मी तो शेवटचा भाग तिसऱ्यांदा लावला होता. जो अल्बम अर्ध्यावर बंद करून मी सर्वांत वाईट ठरवला, त्याच्याबद्दल बोलायचा मला तोवर अधिकारच नव्हता.

त्याच सुमारास मामेभावानेही स्वतःच्या यादीतला शेवटचा नंबर बदलला. त्याच्या मते सर्वांत वाईट होता 'कॉन्व्होकेशन्स', २०२१चा, पाच भागांत ४९ तुकडे, अडीच तास, गाण्याचे शब्द नाहीतच. 'भिंतीला लावायचा कागद' म्हणायचा तो त्याला. सुफ्यानचे वडील 'द असेन्शन' आल्यावर दोनच दिवसांनी गेले, आणि त्यानंतर त्याने हे केलं. मामा गेल्यावर भावाने तो पुन्हा ऐकला असावा. काय वाटलं ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. यादीत मात्र खाली आता दुसरं नाव आहे.

नाताळाच्या संग्रहांवर मी वेळ घालवणार नाही. दोन मिळून शंभर गाणी होतात. वर्षातून एकदा दहा ऐका, पुरे. 'इलिनॉय'मधून उरलेल्या गाण्यांच्या 'द अॅव्हलांच' अल्बममध्ये 'इलिनॉय'मधल्याच 'शिकागो' गाण्याची तीन वेगळी रूपं आहेत, त्यातलं नुसत्या गिटारवरचं ठेवा.

'जॅव्हलिन' मात्र नक्की घ्या. २०२३चा ऑक्टोबर. त्याच्या आधी एप्रिलमध्ये जोडीदार इव्हान्स रिचर्डसन गेला. पुढे त्याला स्वतःला गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार झाला आणि पुन्हा चालायला शिकावं लागलं. अल्बम आला त्याच दिवशी त्याने तो इव्हान्सला अर्पण केल्याचं सांगितलं. त्यात कोरस आहे, थर आहेत, 'इलिनॉय'सारखा फुलोरा आहे, आणि तरी प्रत्येक गाणं सुरू होतं तेव्हा समोर एक माणूस वाद्य घेऊन बसल्यासारखं वाटतं. मी तिसऱ्या नंबरवर ठेवलाय आणि तो वर चढेल असं वाटतं.

आता निकाल. पहिला 'कॅरी अँड लोवेल', दुसरा 'इलिनॉय'. बहीण जिंकली. मामेभावाने लगेच हुकमाचं पान काढलं: २०२५मध्ये अल्बमला दहा वर्षं झाली, त्यावेळी सुफ्याननेच सांगितलं की ह्या अल्बमची आपल्याला लाज वाटते, आईचं दुःख असं बाजारात मांडल्यासारखं वाटतं. 'कर्त्यालाच नको झालंय, मग तू कोण?' असं त्याचं म्हणणं. मी त्यावर आठवडाभर विचार केला. मुलगा म्हणून त्याला लाज वाटत असेल तर ती खरीच असणार, आणि तो हक्क त्याचा आहे. पण ज्या माणसाला दुःख विकायचं असतं तो एसी बंद करून, चांगला स्टुडिओ घेऊन गातो. घरघर तशीच ठेवणारा माणूस काही विकत होता, हे मी मानणार नाही. भावाला हे पटलेलं नाही. त्याची यादी त्याच्यापाशी.

खरेदीबद्दल एवढंच. साधा 'कॅरी अँड लोवेल' पुरेसा आहे. दहा वर्षांच्या आवृत्तीत कच्चे मसुदे जोडलेत, 'मिस्टरी ऑफ लव्ह' ह्या त्याच्या पुढच्या एका गाण्याचाही आहे. ते सुंदर आहेत, पण पहिल्यांदा घेणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे घालू नयेत. नावाचं म्हणाल तर ते 'सुफ्यान'च आहे. आपल्याकडच्या सुफियानचंच भावंड. आईवडील सुबुद ह्या इंडोनेशियात सुरू झालेल्या आध्यात्मिक पंथाच्या नादात होते, तिथून ते आलं. आणि सर्व्हिस सेंटरमध्ये पेटी टाकण्याआधी काउंटरवरच्या मुलाला त्याच्या फोनवर तेच गाणं हेडफोन लावून ऐकवा.

अॅम्प्लिफायर आता ठीक आहे. म्हणजे आधीही ठीकच होता.