माऊस बाजूला ठेवून पानाची मांडणी : वर्डच्या शॉर्टकटचे परीक्षण

आमच्या गृहनिर्माण संस्थेचा वार्षिक अहवाल गेली काही वर्षे मीच टाइप करतो आणि दरवर्षी मजकुरापेक्षा पानांच्या मांडणीतच अधिक वेळ जातो. सभेची सूचना, मागील इतिवृत्त आणि जमाखर्च हे सारे ए-फोरच्या उभ्या पानात नीट बसते. बसत नाही तो सदनिकानिहाय देखभाल शुल्काचा बारा महिन्यांचा तक्ता, कारण त्याला आडवे पान लागते. या वर्षी संपूर्ण अहवाल मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये, विंडोजच्या संगणकावर, शक्य तेथे माऊसला हात न लावता पूर्ण केला. त्या अनुभवावरून वर्डच्या शॉर्टकटविषयी हे मत मांडत आहे.

परिच्छेदाच्या पातळीवर हे शॉर्टकट निर्विवाद उत्तम आहेत. कंट्रोलबरोबर एल दाबल्यास मजकूर डावीकडे, आर दाबल्यास उजवीकडे, ई दाबल्यास मध्ये आणि जे दाबल्यास दोन्ही कडांना जुळवून येतो. (मराठीत हा शेवटचा प्रकार जपून वापरावा, अरुंद स्तंभात ‘व्यवस्थापन समितीच्या’ यांसारखे लांब शब्द आले की ओळीत खिंडारे पडतात.) कंट्रोल-१ ने ओळींमधील अंतर एकपट, कंट्रोल-५ ने दीडपट आणि कंट्रोल-२ ने दुप्पट होते. देवनागरीसाठी ही सोय विशेष मोलाची आहे, कारण अंतर ‘एक्झॅक्टली’ या पर्यायात ठरावीक आणि कमी आकड्यावर बांधले गेले असेल, तर वेलांट्या आणि रफार वरून छाटले जातात. कंट्रोल-१ दाबताच ते पुन्हा पूर्ण दिसू लागतात. कंट्रोल-एम परिच्छेद आत सरकवतो, कंट्रोल-टी पहिली ओळ बाहेर ठेवून बाकीच्या आत घेतो, आणि ठरावांच्या क्रमांकांसाठी मी तोच वापरतो. हाताने केलेली परिच्छेदाची सजावट फार बिघडली, तर कंट्रोल-क्यू ती पुसून मूळ शैलीवर आणतो.

नवे पान सुरू करण्यासाठी कंट्रोल-एंटर पुरेसे आहे. तरीही आपल्याकडे कित्येक जण एंटरमागून एंटर दाबून मजकूर खाली ढकलतात, आणि पूर्वी मीही तेच करत असे. मग पहिल्या पानावर एक ओळ वाढली की पुढच्या प्रत्येक पानाचे शीर्षक एकेक ओळ घसरते.

पानाचा आकार, समास आणि दिशा यांसाठी मात्र एका फटक्यात चालणारी बटणे नाहीत. २००७ च्या आवृत्तीत रिबन, म्हणजे आदेशांची वरची पट्टी, आली तेव्हापासून आल्ट दाबून सोडला की पट्टीवर अक्षरे उमटतात आणि ती एकामागून एक दाबायची असतात. आल्ट, पी, एम ने समास, आल्ट, पी, ओ ने दिशा, तर आल्ट, पी, एस, पी ने पेज सेटअपची संपूर्ण चौकट उघडते. पाठांतराची ही पद्धत सुरुवातीला कंटाळवाणी वाटते, पण चार दिवसांत बोटे आपोआप वळतात.

खरी कसोटी आडव्या तक्त्याची. त्याच्या आधी आणि नंतर आल्ट, पी, बी, एन या क्रमाने सेक्शन ब्रेक, म्हणजे दस्तऐवजाचे वेगळ्या मांडणीचे विभाग पाडणारी खूण, घालायचा, मधल्या भागात येऊन दिशा आडवी करायची, असा सरळ मार्ग आहे. त्याहून सोपा मार्ग मला उशिरा सापडला : तक्ता निवडून पेज सेटअपच्या चौकटीत आडवी दिशा आणि ‘सिलेक्टेड टेक्स्ट’ हा पर्याय दिला की दोन्ही ब्रेक वर्ड स्वतःच घालतो.

छपाईच्या आदल्या रात्री तक्त्याआधीची नकोशी मोकळी ओळ काढताना मी तेथील ब्रेकच पुसला आणि आधीची अकरा उभी पाने क्षणात आडवी झाली. कारण साधे आहे : विभागाची मांडणी त्याच्या शेवटच्या ब्रेकमध्ये साठवलेली असते, म्हणून ब्रेक गेला की वरचा मजकूर खालच्या विभागाचे रूप घेतो. कंट्रोल-झेडने निभावले. आता कंट्रोल-शिफ्ट-८ ने अदृश्य खुणा दाखवून, ब्रेकची दुहेरी ठिपक्यांची रेघ कोठे आहे हे पाहूनच मी काही पुसतो.

सेक्शन ब्रेकसारख्या वारंवार लागणाऱ्या कामाला थेट बटण का नसावे, ही माझी मुख्य तक्रार आहे. कस्टमाइझ रिबनच्या पानावरून आपल्या आवडीचे शॉर्टकट नेमता येतात खरे, पण ते सहसा त्या संगणकावरील नॉर्मल टेम्प्लेटमध्ये (नव्या फाइलींच्या मूळ साच्यात) राहतात; झेरॉक्सच्या दुकानात फाइल उघडली की ते सोबत येत नाहीत.

लिब्रे ऑफिस रायटर विनामूल्य आहे आणि कंट्रोल-एंटर तेथेही तसाच चालतो. मात्र कंट्रोल-१ तेथे ओळींचे अंतर न बदलता परिच्छेदाला मुख्य शीर्षकाची शैली देतो, तेव्हा वर्डची सवय असलेल्याने सावध असावे. आडव्या पानासाठी रायटरमध्ये ‘लँडस्केप’ नावाची पानशैली तयारच मिळते आणि पान तोडतानाच ती निवडता येते. ही रचना मला वर्डहून अधिक पटते, तरी पुढच्या वर्षीचा अहवाल मी वर्डमध्येच करीन, कारण समितीतील इतरांकडे तेच आहे.