चासी एका फाइलमध्ये काढावी की असेम्ब्लीत? मल्टी-बॉडी आणि असेम्ब्ली यांची तुलना

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांसाठी ट्रॅक्टरमागे ओढायचा फवारणी ब्लोअर बनवायचा आहे असं धरू. ५०×५०×३ मिमीच्या चौकोनी पाइपची चासी, तिच्यावर ६०० लिटरची टाकी, मागे पंप, पंखा आणि नोझलची कमान. नाशिकच्या सातपूर किंवा अंबडच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये डिझाइनला बसलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न हाच येतो: कॅड सॉफ्टवेअरमध्ये सगळं एका पार्ट फाइलमध्ये वेगवेगळ्या बॉडी (सुटे घन आकार) म्हणून काढायचं, म्हणजे मल्टी-बॉडी, की नगागणिक फाइल करून असेम्ब्ली जोडायची? निर्णय घेताना मॉडेलमधून निघणारी तुकड्यांची यादी कोणाच्या हातात जाणार ते आधी ठरवा. कटिंग आणि वेल्डिंगवाल्याच्या हातात जाणार असेल तर मल्टी-बॉडी, स्टोअर आणि खरेदीच्या हातात जाणार असेल तर असेम्ब्ली.

चासीपुरतं बोलायचं तर मल्टी-बॉडीला तोड नाही. सॉलिडवर्क्समध्ये एक थ्रीडी स्केच काढून त्यावर स्ट्रक्चरल मेंबर (पाइप) बसवले की कट-लिस्ट, म्हणजे कापायच्या तुकड्यांची यादी, आपोआप तयार होते: २४०० मिमीचे २, ९०० चे ४, ६५० चे ४ आणि दोन्ही टोकांना ४५ अंशात कापलेले ९२० चे २. एकूण १२ तुकडे, पण यादीत चारच ओळी, कारण एकसारखे तुकडे एकत्र मोजले जातात. एकूण लांबी १२.८४ मीटर. म्हणजे ६ मीटरचे दोन पाइप पुरत नाहीत, तिसरा लागतो. कुठल्या पाइपमधून कोणता तुकडा काढायचा हे मात्र कट-लिस्ट सांगत नाही. ते गणित आणि ब्लेडची जाडी तुम्हालाच धरावी लागते. चासीची रुंदी बदलली तर एक माप बदला, चारही आडवे पाइप सोबत बदलतात. हेच असेम्ब्लीत करायचं तर चार जागी मेट (पार्ट एकमेकांना जोडणारी बंधनं) सांभाळा, नाहीतर फाइलींमध्ये एकमेकांचे संदर्भ गुंतवा.

चूक होते ती गसेटमध्ये, म्हणजे कोपऱ्याला बळकटी देणाऱ्या पट्टीत. ६ मिमीची त्रिकोणी पट्टी स्केच काढून एक्स्ट्रूड केली आणि नवा आकार जुन्या बॉडीत मिसळणाऱ्या ‘मर्ज रिझल्ट’ची खूण असली, तर पट्टी शेजारच्या पाइपमध्ये विरघळते. स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं, यादीत मात्र ती पट्टी नसते आणि लेझर कटिंगला जातच नाही. म्हणून डावीकडच्या फीचरच्या यादीत (ट्रीमध्ये) कट-लिस्टसमोरचा आकडा दरवेळी मोजा: १२ पाइप आणि ८ गसेट असतील तर तिथे २० च दिसले पाहिजेत. साध्या पट्ट्यांना लांबी-रुंदी आपोआप मिळत नाही. कट-लिस्टच्या त्या ओळीवर राइट-क्लिक करून बाउंडिंग बॉक्स तयार करावा लागतो. भोकांचंही तसंच. कट आरपार टाकला आणि फीचर स्कोपमध्ये (कट कोणत्या बॉडीला लागू ते ठरवणारा पर्याय) बॉडी निवडली नाही, तर मागच्या पाइपलाही भोक पडतं. शिवाय मटेरियल द्यायचं राहिलं तर सॉफ्टवेअर पाण्याची घनता धरतं आणि सुमारे ५५ किलोचे पाइप ७ किलोचे दाखवतं. कोटेशन या आकड्यावर गेलं तर नुकसान ठरलेलं.

टाकी, पंप, पंखा, चाकं, नोझल आली की मल्टी-बॉडीचा हट्ट सोडा. बॉडीला स्वतःचा आयटम कोड, रिव्हिजन किंवा वेगळी फाइल नसते. एम१२ चे २४ बोल्ट बॉडी म्हणून कॉपी केले तर फाइल जड होते आणि कट-लिस्टमध्ये पाइपच्या शेजारी बोल्ट येऊन बसतात. कमान दुमडताना टाकीला घासते का हे पाहायचं तर हालणारे मेट लागतात. मूव्ह बॉडी या कमांडमधली बंधनं बॉडी जागेवर नेतात, तिला फिरू देत नाहीत. तोच पंप दुसऱ्या मॉडेललाही बसणार असेल तर त्याची फाइल वेगळी हवीच. दोघांनी एकाच वेळी काम करायचं असेल तरी असेम्ब्लीच, कारण एक पार्ट फाइल एका वेळी एकानेच बदलावी.

म्हणून अशा मशीनला मिश्र रचनाच चांगली: चासी एक मल्टी-बॉडी पार्ट, आणि ती मुख्य असेम्ब्लीत इतर वस्तूंसारखीच एक वस्तू. बीओएम (मशीनच्या सगळ्या वस्तूंची यादी) इंडेंटेड, म्हणजे पोटओळींसह, ठेवून ‘डिटेल्ड कट-लिस्ट’ची खूण केली की चासीच्या ओळीखाली तिचे तुकडे दिसतात. खरेदीला एकच यादी पुरते. वेल्डिंगनंतर मारायची भोकं असतील तर वेल्डमेंटमध्ये (सॉलिडवर्क्सची वेल्डिंगच्या जोडकामाची पार्ट फाइल) ‘ॲज वेल्डेड’ आणि ‘ॲज मशीन्ड’ अशी एकाच फाइलची दोन रूपं (कॉन्फिगरेशन) मिळतात, त्यांची ड्रॉइंग वेगळी काढा.

एखाद्या बॉडीला पुढे स्वतंत्र पार्ट करायची वेळ आली तर ‘सेव्ह बॉडीज’ जपून वापरा. ते ट्रीमध्ये ज्या जागी बसतं तिथवरचाच आकार नव्या फाइलमध्ये जातो. नंतर टाकलेलं भोक जात नाही. ‘इन्सर्ट इनटू न्यू पार्ट’ने केलेल्या फाइलमध्ये नंतरचे बदलही येतात.

फ्यूजन या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न अधिक कडक आहे. तिथली पार्ट लिस्ट कॉम्पोनंट (स्वतंत्र वस्तू) मोजते, बॉडी मोजत नाही, आणि जॉइंटही (तिथले मेट) कॉम्पोनंटमध्येच लागतात. त्यामुळे सुरुवातीलाच कॉम्पोनंट तयार करून तो ॲक्टिव्ह करा, मग स्केच काढा. उशीर झाला असेल तर बॉडीवर राइट-क्लिक करून ‘क्रिएट कॉम्पोनंट्स फ्रॉम बॉडीज’ आहे, पण जुनी स्केच मूळ जागीच राहतात. फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नोव्हेंबर २०२४ च्या १.० आवृत्तीपासून असेम्ब्ली वर्कबेंच मूळ सॉफ्टवेअरमध्येच आहे, बीओएमसह.

अंबडच्या लेझरवाल्याला किंवा सिन्नरच्या दुसऱ्या शॉपला असेम्ब्ली पाठवताना ‘पॅक अँड गो’ने पाठवा, ते सगळ्या जोडलेल्या फाइल एकत्र गोळा करतं. विंडोजमध्ये फाइलचं नाव हाताने बदललं की दुवा तुटतो आणि समोरच्याला पार्ट सापडत नसल्याचा मेसेज येतो. मल्टी-बॉडी चासी पाठवायला ही अडचण नाही: एकच फाइल.